संघमित्राला काहीही देत नाही

मी, चंपा दादू निकाळजे, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार गोवंडी, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने सांगून लिहवून घेत आहे. छाती कामातून गेली आहे, डोकं नाही. लिहिणारे शेजारचे विद्याधर भाऊ कोर्टात कारकून होते. ते म्हणतात, मृत्युपत्रात असं बोलायचं नसतं. मी म्हटलं, तुम्ही लिहा हो, मरणार मी आहे.

१. माझी राहती खोली, वरच्या माळ्यासह, मुलगा विकी यास देत आहे. खोलीवरचं कर्जही त्यालाच. ते त्याच्याच इंजिनियरिंगसाठी काढलं होतं. त्याला प्रवेश मिळाला त्याच संध्याकाळी माझ्या कालकथित नवऱ्याने गल्लीच्या तोंडावर बॅनर लावलं: भावी इंजिनियर विकी दादू निकाळजे यांचे हार्दिक अभिनंदन. खाली अर्ध्या गल्लीचे फोटो. मग कॉलेजने फी सांगितली. मी म्हटलं, अहो, नको, झेपणार नाही. तर म्हणाले, "बॅनर लागलंय चंपे, आता माघार घेऊन तोंड कुठं दाखवू?" त्या बॅनरची लाज राखायला मी कर्जाच्या कागदावर सही केली. विकीने कॉलेज अर्ध्यात सोडलं. दादू गेले आणि हप्ते माझ्या मशीनवर आले. विकी, तुझ्यावर राग नाही असं मी लिहून देणार नाही. आहे. खोली विक नाहीतर भाड्याने दे, पण ते कर्ज तूच फेड.

२. मुलगी संघमित्रा बी.एस्सी. झाली. विद्यापीठात एम.एस्सी.ला तिचं नाव लागलंय आणि पोरगी जात नाही म्हणते. वसुलीवाले दारात येऊन आईबहिणीवरून बोलले तेव्हा ती आत बारावीचा अभ्यास करत होती. तेव्हापासून तिच्या पोटात भीती बसलीय. नीट जेवत नाही, झोपत नाही. म्हणते, "आई, तू गेल्यावर हे सगळं माझ्याच गळ्यात येणार ना? मॉलमधली नोकरी धरते. शिकून दादाचं काय भलं झालं?"

म्हणून मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, मेलेल्याची मालमत्ता ज्याच्याकडे जाते, त्याच्याकडून तेवढ्यापुरतंच कर्ज वसूल होतं. कागदावर स्वतःची सही असेल तर गोष्ट वेगळी. संघमित्राची सही मी कुठंही होऊ दिलेली नाही. सबब, तिला मी खोली, भांडी, दागिना, यांतलं काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही. हे सांगताना मला रडू आलं, तेही लिहा म्हटलं. तिने घाटकोपरला प्रेमामावशीकडे राहावं. माझं बोलणं झालंय.

३. शिलाई मशीन समोरच्या नीलाला. एप्रिलात जयंतीचे झेंडे शिवायला तिला होईल. संघमित्राच्या हाती लागलं तर ती त्यावर भावाचे हप्ते शिवत बसेल. मी ओळखते ना तिला.

४. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाला खीर पुरे. जेवणावळीसाठी कोणी उसने काढले तर बघा. तो दिवस कॉलेजचा असेल तर संघमित्राने कॉलेजला जावं. आणि तिच्या नावाचं बॅनर कोणीही लावू नये. पास होऊ दे आधी.

५. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं भाऊ म्हणतात. संघमित्राला काही मिळत नाही, तेव्हा दुसरी साक्षीदार तीच. सगळं ऐकून ती माझ्यावर ओरडली. "मला परकी केलीस ना, आई?" हो, केली. वाईट वाटतंय, पण केली. साक्षीदाराला सहीखाली व्यवसाय लिहावा लागतो. तिने काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, शिव्या भाऊंनी गाळल्या तेवढ्या सोडून.

सही: चंपा दादू निकाळजे
ठिकाण: गोवंडी, मुंबई
दिनांक: ९ जुलै २०२५

साक्षीदार
१. विद्याधर गणवीर. व्यवसाय: निवृत्त
२. संघमित्रा दादू निकाळजे. व्यवसाय: नोकरी (खोडले) विद्यार्थिनी

खाडाखोड मला मंजूर आहे. चंपा