म्हैस ज्वारीनेच मेली

श्रावण वद्य तृतीया, दिवेलागण

पाटलाची म्हैस कोवळी, विषारी ज्वारी खाऊन मेली. मी डोळ्यांनी पाहिलं. पण भगताने कौल लावायला उडदाचे दाणे टाकले आणि शेजारच्या विधवा सखूला डाकीण ठरवलं. उद्या तिला मारून हाकलणार. चावडीवर मी गप्प बसलो. का? बोललो तर डाकीण म्हणून माझ्या बायकोचंही नाव घेतील म्हणून?

मघाशी सखू दारात आली. "आबा, म्हैस जुवारीमा व्हती, तुम्हीन देखी ना? मंग सांगा ना!"

"मन्हं कोन आयकस, माय?"

खोटं बोललो. माझं सगळे ऐकतात.

मग वाईट कोण, भगत की मी? ज्वारीच होती. पागोटं बांधून पाटलाकडे निघतो. बायकोला बजावलंय, मी परतेपर्यंत कडी काढू नको.