खदानीच्या चौथऱ्यावर

काळीखदान तांडा, ता. औंढा नागनाथ
४ जानेवारी २०२५

चि. योगेशला आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू मधेच बोलतो, म्हणून कागद. मी सांगते, सून मिना लिहून राहिली.

बंद पडलेल्या खदानीच्या आठवणीचा पुतळा नाक्यावर बसणार अन् तो तूच घडवून राहिला, हे ऐकून छाती फुगली. पण पुतळा समितीचा रतनसिंग सांगून गेला, पुतळा त्याच्या बापाचा, मुकादम प्रेमसिंगचा. काहून? मुकादमानं एक तरी दगड फोडला व्हय? तुला सांगत आलो तशी तुझी माय पेमा तापानं न्हाई गेली, बाळा. सुरुंगाच्या दगडाखाली गेली. तवा हाच मुकादम म्हणाला होता, काम थांबवू नका.

जेवत जा. माझा विकास म्हणत होता, काडी झालास.

आत्यावरची माया पातळ करू नकोस.
जिवनबाई

छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मुकादमाचा मातीचा नमुना तयार होता. माझं पहिलंच मोठं काम, म्हणून दोन दिवस नुसता त्याच्यासमोर बसलो. मग मोडला. रतनसिंगकाकांना कळवलं, घडवीन तर खडी फोडणारी बाई. ते म्हणाले, मग राहू दे.

काम गेलं, तरी मी येतोय. खदानीतला एक चांगला दगड काढून ठेव. आईचा चेहरा मला आठवत नाही, तो तू सांग.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा योगेश

काळीखदान तांडा
२ मे २०२५

चि. योगेशला अ. उ. आ. वि. वि.

तू मूर्ती पुरी करून गेलास अन् दुसऱ्याच दिवशी आमी बायांनी विकासच्या ट्रॅक्टरवर पेमाला नाक्यावर नेलं. समितीचा चौथरा रिकामाच होता, तिथं बसवली. चेहरा बराबर उतरलाय.

रतनसिंगनं अर्ज केला, मूर्ती हलवा म्हणून ग्रामपंचायतीची नोटीस आली. ती आमी चौथऱ्यावर बसूनच वाचून घेतली, उठलो न्हाई.

काल ग्रामसभा झाली. रतनसिंग म्हणाला, मजूर बाईचा पुतळा कुठं असतो का? मी उभी राहिले. म्हटलं, शाळेच्या पायात, हिंगोलीच्या रस्त्यात आमच्या हातची खडी हाय. ती आधी उपटून द्या, मग पेमाला हलवू.

सरपंचानं विचारलं, मूर्ती राहावी असं कुणाला वाटतं? पहिला हात माझा, खदानीत दोन बोटं गेलेला. मग बाकी बायांचे. मग गडीमाणसांचे. रतनसिंग मान वळवून मोजून राहिला होता, तवा त्याच्याच मागं बसलेल्या त्याच्या मायनं हात वर केला.

ये लवकर, लोभ घेऊन ये.
तुझी आत्या जिवनबाई