बिब्ब्याच्या फुल्या

प्रिय महामाया,

जयभीम. पत्र बघून आधी घाबरशील, की आज्जी गेली काय. गेले नाही. गेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, जरा नेट लावून वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हं आज्जी, पेशंट आहे' म्हणतेस आणि मला गप्प बसायला बहाणा मिळतो. तो बहाणा मी लई वर्षं वापरला.

घरी ठीक आहे. तुझ्या बापाचे गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे झालेत, तरी दर बाजारी देवणीला जाऊन वळू बघून येतो. घेत काहीच नाही, नुसता शिंगांवरून हात फिरवतो. मागच्या आठवड्यात उदगीरच्या बसमध्ये शिरूर अनंतपाळची एक बाई भेटली. तिचं पोरगं वर्गात डुलक्या द्यायचं म्हणून गुरुजींचा मार खायचं. तुझ्याकडं आणलं तर तू म्हणे त्याला अंगाला तारा लावून झोपवलंस आणि सांगितलंस, ह्याचा श्वास झोपेत अडकतो, हा आळशी नाही, हा रात्रभर श्वासाशी झुंजतो. आता ते पोरगं गणितात पहिलं आलंय. बाई मला सांगत होती आणि मी तिला सांगितलं नाही, की ती माझी नात. तुला वाटेल म्हातारीला कौतुक नाही. कौतुक होतं गं. पण तुझ्या कौतुकात मला कधी सरळ बसता आलं नाही.

तू नांदेडला डॉक्टर झालीस, मग लेकरांच्या छातीची झालीस, आणि वर दिल्लीला जाऊन लेकरांच्या झोपेची पण झालीस, तेव्हा मी म्हणाले होते, पोरं झोपवायला एवढं शिकायचं होतं तर मला विचारायचं, पाळण्याची दोरी हातात दिली असती. सगळे हसले होते. तू पण. त्याच दिवशी संध्याकाळी विहारात तुझा सत्कार झाला. तू माईकवर म्हणालीस, माझा भाऊ आदर्श आठ महिन्यांचा होता, त्याला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, म्हणून मी ही डॉक्टरकी घेतली. बोलताना तू तुझ्या आईकडं, सिंधुकडं बघितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधुनं मान खाली घातली. मी तिच्या शेजारी बसले होते, आणि मी पण टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तू दवाखान्यातून फोन केलास. तुझा आवाज चढला होता. आपल्या गावची गुरम्मा तिची नात तनुजा घेऊन आली, सहा महिन्यांची पोर, ओठ निळे, बरगड्यांखाली खड्डा पडून राहिलाय, आणि पोटावर बिब्ब्याच्या ताज्या फुल्या. 'आज्जी, एकविसाव्या शतकात लोक लेकरं भाजतात अजून. मी त्या म्हातारीला विचारलं, कुणी केलं? म्हणते, मीच. कुठं शिकलीस? तर तोंड शिवून बसली. तिला वॉर्डाच्या बाहेर काढलंय. पोलिसात देणार आहे.' मी म्हणाले, हं. तू म्हणालीस, पेशंट आहे, ठेवते.

आता ऐक. ती माझ्याकडं शिकली.

छातीत भरून पोट उडायला लागलं की आपल्याकडं 'डबा झाला' म्हणतात. माझ्या सासूनं मला डब्यावर बिब्बा द्यायला शिकवलं. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि पोटावर फुल्या. माझ्या सासऱ्यानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन घरातले सगळे देव विहिरीत टाकले, पण बिब्बा कोनाड्यातच राहिला. त्याला कुणी देव समजलंच नाही, मग टाकणार कोण. माझा हात हलका म्हणून पाटलाच्या घरची पोरं सुद्धा माझ्याकडं यायची. एरवी त्यांच्या उंबऱ्याच्या आत मला पाय ठेवता येत नव्हता, पण पोरगं उडायला लागलं की पाटलीण स्वतः माझ्या दारात. लई मोठेपणा वाटायचा. बरीच पोरं जगायची. जगायची असायची म्हणून जगायची, हे तू नंतर सांगितलंस. मेली त्यांचं आम्ही म्हणायचो, उशिरा आणलं. गुरम्माच्या पोराला मी दिला तेव्हा तिनंच त्याचे पाय धरले होते. तिनं सगळं बघून ठेवलं.

आदर्शला डबा झाला तेव्हा तू सात वर्षांची, तुला मामाकडं लावून दिलं होतं. मंगळवारी सिंधु मला म्हणाली, 'आत्याबाई, पोटाला खड्डा पडून राहिलाय, उदगीरला नेऊ.' मी म्हणाले, 'आम्ही पाच वाढवले, एकाला पण उदगीर लागलं न्हाई. तू कामाला जा.' ती सोयाबीन काढायला गेली. मी तिच्या मागं सुई तापवली. बुधवारी पोर शांत झालं. मला वाटलं उतार पडला. ते थकलं होतं गं. रडायला लागणारा श्वास त्याच्याकडं उरला नव्हता. गुरुवारी जीप केली, उदगीर यायच्या आत सगळं संपलं.

गावात लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आईचं ध्यान नव्हतं, मजुरीच्या मागं लागली. सिंधुनं ऐकलं. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं भीतीनं. तू मोठी झालीस, आईशी तुटक वागायला लागलीस, सुट्टीला आलीस तर माझ्याच अंथरुणात झोपायचीस. तरी ती बोलली नाही. परवाच्या वर्षी ती मरणाला टेकली तेव्हा मी म्हणाले, पोरगी आली की सांगून टाकते. तर मला म्हणाली, 'नगा सांगू आत्याबाई. माझ्यामागं तिला तुम्हीच हाव.' भली होती, त्याचाच मला राग येतो. वाईट असती तर माझी झोप सुखाची झाली असती.

आदर्शनंतर मी बिब्ब्याला हात लावला नाही. पण आता खरी गोष्ट सांगते. शनिवारी गुरम्मा तनुजाला घेऊन आधी माझ्याच दारात आली होती. 'नागुबाई, तेवढ्या फुल्या घाल.' मी म्हणाले, मी सोडून दिलं, दवाखान्यात ने. ती म्हणाली, 'का सोडलं? माझं पोरगं तर तुझ्याच हातानं वाचलं.' मी म्हणाले, आता डोळ्याला दिसत नाही. एवढंच बोलले. आदर्शचं सांगितलं असतं तर ती तिथूनच गाडीत बसली असती. इज्जत आडवी आली. ती घरी गेली, आणि तिनं स्वतः सुई तापवली, दोन दिवस वाट बघितली. माझ्यासारखीच.

काल आशाताई मनिषा आली होती. म्हणाली, पोर अजून मशीनवर आहे, डॉक्टरीणबाई घरी पण गेल्या नाहीत, आणि गुरम्मा जिन्याखाली बसली आहे. सून बोलत नाही, व्याही शिव्या देतात. कुठं शिकलीस विचारलं की भिंतीकडं बघते. तुझ्यासमोर माझं नाव घेणार नाही ती, तू माझी नात म्हणून. माझ्यापायी गप्प बसलेली ही दुसरी बाई. पहिलीचं तोंड मी उघडू दिलं नाही आणि आता ती ऐकायला नाही. म्हणून हे पत्र. तुझा बाप सकाळच्या बसनं घेऊन येईल. त्याला ह्यातलं काही माहीत नाही, त्याला पण वाचायला दे. पोलिसात द्यायचं तर माझं नाव आधी लिही. माझ्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नको, मला रडून दाखवायचं नाही. पण हे वाचून झालं की जिन्याखाली जा आणि गुरम्माला आत घे. तनुजा जगो नाहीतर न जगो, तिला पोरीजवळ बसू दे. त्या दिवशी जीपमध्ये आदर्श माझ्या मांडीवर होता. सिंधु दोनदा म्हणाली, द्या माझ्याजवळ. सदरा वर होईल आणि फुल्या दिसतील म्हणून मी दिला नाही.

तुझीच,
नागुबाई आज्जी