झाकणावर वीट ठेव

आई,

मनगटाला टाके घालायला दवाखान्यात जातेय, तिथून मावशीकडे. माझी देवगांडुळं न्हाणीघरातल्या निळ्या बादलीत आहेत; बेडकांच्या जातीची असली तरी बाबांना ती बिनपायांची म्हणून सापच वाटतात. एक बाबांच्या बुटात निघालं. ते त्यांनी टाचेखाली चिरडलं, मग हातोडीने त्यांची काचेची टाकी फोडली. मी आडवी गेले तर दुसरा घाव माझ्या हातावर घातला. मीही काच उचलली. फरशीवरचं रक्त माझं एकटीचं नाही. बाबा सोफ्यावर टॉवेल दाबून झोपलेत, त्यांना उठवू नकोस.

बादली अर्धीच भर. ती पाण्यात राहतात पण श्वास हवेतच घेतात, वर जागा नसेल तर बुडून मरतात. साबणाचा हात लावू नकोस. मोठी मादी गाभण आहे, ती थेट पिल्लंच देते, अंडी शोधत बसू नकोस. खायला साधी गांडुळं तुकडे करून घाल, नाहीतर एका घासासाठी एकमेकांना चावून, गरगर पीळ देत लचके तोडतात.

झाकणावर वीट ठेव. बाबांनी हाक मारली की तू हातातलं सगळं टाकून धावतेस, काल टाकीच्या झाकणावर ठेवायची वीटही तशीच राहिली. देवगांडुळांना धड दिसत नाही, तरी बोटभर फट सापडली की ती निघून जातात.

मागच्या दाराची कडी मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे.