परसातले दगड

२ मार्च २००३, बेंगलोर

काकाला फोनवर सांगून टाकलं — पैसे देणार नाही! आज नाही, उद्या नाही, दिवाळीलाही नाही.

शेषेरावकाका लातूरला ट्युशन एरियात घरावर खोली चढवतोय. एका खोलीत सहा खाटा, खाटेमागं भाडं. मुखेडची, उमरीची, कुठली कुठली पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिलीत, त्यांना झोपायला जागा पाहिजे. म्हणे, "सटव्या, तुझे चौदा हजार घाल. खोलीला भाडं येतंय. परसात फरशी घालून काय येतंय रे? विंचू भाडं देणार हाय का तुला?"

मी म्हणालो, विंचू येऊ नये म्हणूनच घालायची हाय.

फोनचे सतरा रुपये झाले. त्यातले बारा काकाच्या शिव्यांचे.

९ मार्च

दिवसभर उन्हात दुसऱ्याचं परस बांधलं. बंगल्याच्या मागं चारशे फूट दगडी फरशी, मधे चार खुर्च्या. बाईसाहेब त्याला पॅटिओ म्हणतात. संध्याकाळी तिथं कॉफी प्यायची. बस. एवढ्यासाठी आम्ही सात जण अठरा दिवस.

आणि माझी माय दहा वर्षं मातीत निजते.

भूकंपाच्या त्या पहाटेपासून ती छपराखाली झोपलेली नाही. सरकारनं नव्या गावात सिमेंटच्या ठोकळ्यांचं घर दिलं. इंजिनिअर भिंतीवर थाप मारून सांगून गेला, याला काही होत नाही. माय म्हणाली, "आधीच्या घरालाबी माझ्या सासऱ्याच्या जलमात काही झालं नव्हतं." आत जाते, भाकरी थापते, बाहेर येते. निजायचं ते परसात. पावसाळ्यात वर मेणकापड, खाली चिखल. गेल्या आषाढात विंचू चावला. धाकटी बहीण उज्वला रडली, शेजारणी समजावून थकल्या. नाही म्हणजे नाही!

सगळे तिला आत ओढून राहिले. मी नाही ओढणार. तिला बाहेर झोपायचं ना? बाहेर झोपू दे. पण मिरगाच्या आत तिच्या खाली कोरडी जमीन पाहिजे.

१६ मार्च

रविवार. हिशोब.

जवळ चौदा हजार. नऊ हजार उज्वलाच्या क्लासचे, बारावीचं वर्ष. त्याला हात लावायचा नाही. मी चौथीत पाटी टाकली, ती टाकणार नाही. राहिले पाच.

परस वीस बाय तीस. सहाशे फूट. शहाबादी फरशी अकरा रुपये फूट म्हणजे सहा हजार सहाशे. झालं! सिमेंट-रेतीच्या आधीच बुडालो.

गुरुबसप्पा मिस्त्रीला कागद दाखवला. म्हणाला, "यप्पा! आई एक, तिला तीस फूट कशाला? दहा बाय बारा कर. अर्ध्याच्याही आत होतंय."

त्याला काय माहीत. माय भिंतीपाशी निजतच नाही. भिंत पडली तर जिथवर येईल, त्याच्या पलीकडं अंथरूण टाकते. आमच्या घराची भिंत, शेजाऱ्याची भिंत, दोन्हींचा हिशोब तिच्या डोक्यात हाय. दहा बाय बारा केलं तर ती फरशी सोडून पुन्हा मातीत जाईल.

तीस म्हणजे तीस.

१८ मार्च

एक फूटही कमी करणार नाही.

२३ मार्च

सापडलं!! दगड फुकट हायत!

जुन्या गावात आमच्या घराचा ढीग तसाच पडलाय. काळा दगड, घडीव तोंडाचा. आमचाच. कुणाच्या बापाला विचारायचं नाही. चार ट्रॉल्या — नऊशे. सिमेंट बारा गोण्या — सोळाशे ऐंशी. रेती सातशे. मुरूम तीनशे. दोन गडी चार दिवस — चारशे ऐंशी. एकूण चार हजार साठ! वर नऊशे चाळीस उरतात. येण्याजाण्याचं भाडं सुटलं.

मिस्त्रीला सांगितलं. तो तंबाखू मळायचा थांबला. "तुझा बाप त्याच दगडाखाली गेला ना रे?"

हाव. त्याच.

"मग?"

मग काय! दहा वर्षं आरामात पडलेत. आता कामाला लागू द्या. डोक्यावर पडले होते, आता पायाखाली राहतील. रोज झाडू मारीन त्यांच्यावर. चप्पल घालून चालीन.

मिस्त्रीनं तंबाखू तशीच झटकून टाकली. माझ्याकडं बघत राहिला. बघू दे.

३० मार्च

उज्वलाचा फोन, काकाच्या घरून. तिच्या वर्गात दोनशे पोरी-पोरं, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणे. मी दगडांचं सांगितलं. मग हळूच, काकूला ऐकू जाऊ नये म्हणून, "दादा, माझी फी दोन हप्त्यात भरू. तू शहाबादीच आण. ते दगड नको."

कामून नको?

"मायला विचारलास का?"

विचारीन.

"तू विचारत नाहीस, तू सांगतोस."

बारावीला गेली की बोलायला लागली! फी एकदमच भरणार. दगडही तेच येणार.

४ एप्रिल

गावातल्या बूथवर मायला बोलावलं. सांगितलं, आपल्या जुन्या घराचे दगड आणतो, परसात पक्की फरशी घालतो.

तिनं दोनदा हॅलो हॅलो केलं. वाटलं ऐकू गेलं नाही.

मग म्हणाली, "तुला करायचं ते कर बाबा. जेवलास का?"

हो म्हणाली! उज्वलीला कळवतो.

१९ एप्रिल, गाव

परवा पोचलो. वाटेत लातूरला उतरून फी भरली, पावती उज्वलाच्या हातात दिली. काकानं चहा पाजला आणि चहाबरोबर ऐकवलं, "बेंगलोरला जाऊन अक्कल आली असं वाटलं होतं मला." आली की. म्हणून तर तुमच्या खाटांत पैसे घातले नाहीत!

२१ एप्रिल

आज ढिगावर गेलो. ट्रॅक्टर मुनीबचा. त्यानं इंजिन बंद केलं आणि सीटवरच बसून राहिला. "सटवाभाऊ, दुनियेत दगडाचा दुष्काळ पडला का?"

मी म्हणालो, ट्रॉली मागं घे.

ढिगावर बाभळी उगवल्यात. तरी मला सगळं कळलं. ही ओसरी, इथं मी आणि उज्वला होतो म्हणून वाचलो. ही मधली खोली. बापाला, अण्णांना, तिसऱ्या दिवशी काढलं. मायला त्याच दिवशी दुपारी. तोवर ती खालून हाका मारत होती, आणि मी वर बसून दगड उचलत होतो. एकही हलत नव्हता. दहा वर्षांचा होतो.

आज हलले! एकेक उचलून फेकला ट्रॉलीत. आवाज करत पडले. लई बरं वाटलं. मुनीबही उतरला शेवटी, त्यानंही हात लावला. म्हणाला, "हळू टाक की, ट्रॉली माझी हाय."

वेशीतून येताना पारावरचे म्हातारे ओरडले, "सटव्या, जुनं गाव नव्या गावात आणून राहिलास का?" मी म्हणालो, आमच्यापुरतं!

२४ एप्रिल

मुरूम पसरला, धुम्मस मारून दाबला, पाणी दिलं. ढाळ नालीकडं ठेवला. आज पहिल्या दोन ओळी बसवल्या. घडीव तोंड वर, पोट खाली. ज्याला टोक हाय त्याला छिन्नीनं मारतो. ठिणग्या उडतात. गडी म्हणतो, "मालक, दगडाशी भांडण हाय का तुमचं?"

हाय.

माय चहा आणते, उंबऱ्यात ठेवते, आत जाते.

२७ एप्रिल

झालं!! तीस फूट, एक इंचही कमी नाही. दगडांमधल्या दर्जा सिमेंटनं भरल्या, तारेनं घासल्या. बंगलेवाल्यांचं तरी असं असतं का? खर्च चार हजार दोनशे. एकशे चाळीस जास्त गेले, सिमेंटची एक गोणी वाढली. चालतंय.

उज्वलाला फोन केला. म्हणाली, "माय काय म्हणाली?"

काही म्हणाली नाही. काही म्हणायचं काय त्यात?

३० एप्रिल

सात दिवस पाणी मारायचं असतं. माय सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी मारते, पण कडेला उभी राहून. लांब फेकते. मधल्या दगडांपर्यंत पोचत नाही. मी म्हणालो, चाल की वरून, पक्कं झालंय. म्हणाली, "असू दे. ओलं असंल."

अंथरूण अजून गेटापाशी, फरशीबाहेरच्या मातीच्या पट्ट्यात टाकते. काम पूर्ण वाळलं की येईल फरशीवर.

३ मे

काल मी मुद्दाम फरशीच्या मधोमध झोपलो. उताणा. दगडांना सांगितलं, घ्या!

काही झालं नाही. पाठ दुखतेय, एवढंच.

मायला म्हणालो, बघ, आलो ना उठून? ती माझ्या पाठीवरची वाळू झटकत राहिली. लहान पोराची झटकतात तशी. एकदा संपूर्ण झटकून झाली तरी थांबली नाही.

५ मे

माय घरात निजली. छपराखाली, भिंतीला लागून, दार आतून लावून.

सकाळी विचारलं. पीठ मळता मळता म्हणाली, "ते समदे दगड भाईर आलेत की आता. त्यायच्यापाशी म्या निजत न्हाई."