चष्म्यातली खिडकी

३ मार्च

चि. ठमी हिस,
अ. आ.

फोटो पोचला. अक्काच्या पंचाहत्तरीसाठी तू जुने फोटो जोडून तिला आणि भाऊजींना समुद्रावर उभं केलंस, मागे मावळता सूर्य. भाऊजी असेतोवर दोघं कधी समुद्रावर गेली नाहीत, तेव्हा हेतू चांगलाच. पण मत विचारलंस म्हणून ऐक: ही दोघं समुद्रावर नाहीत, कॅलेंडरवर आहेत.

सूर्य पाठीशी आणि तोंडं भर दुपारच्या उन्हात? आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सिस्टर उजेड कुठून येतो ते सांगितल्याशिवाय पेन्सिल उचलू देत नसत. चुकलं की पट्टी. तोंडांवरचा उजेड मंद कर. केसांच्या, खांद्यांच्या कडांना केशरी उजेड दे. अक्काची पांढरी शाल संध्याकाळी पांढरी राहील का? सावल्या आपल्या बाजूला पडू देत. सध्या दोघं बिनसावलीची भुतं दिसतात.

आणि भाऊजींच्या चष्म्यातली चमक आधी पूस. समुद्रावर खिडकी नाही, तर काचेत कुठून आली?

समारंभाला मी येणार नाही. सहा वर्षं ज्या अक्कानं माझ्याशी बोलणं टाकलं, तिच्याकडे केक खायला जायला मी काही मांजर नाही. लोभ आहेच, वाढवायचा तर सावल्या घाल.

तुझी मावशी

९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

पट्टी बसली. अकरा वर्षं स्टुडिओत गिऱ्हाइकांना सूर्यास्तापुढे उभं करतेय, सावली मागणारी तू पहिलीच. सगळं केलं. क्षितिजही डोळ्यांच्या पातळीवर आणलं. आधी ते फार खाली होतं, बाबा ताडाएवढे वाटत होते.

चष्मा पुसायला चित्र मोठं केलं. खिडकीपुढे कॅमेरा धरलेली एक बाई आहे, अंबाडा तुझ्यासारखाच एका बाजूला कललेला. बाबांचा चेहरा मी त्यांच्या आजारपणातल्या शेवटच्या फोटोतून घेतला होता. तो फोटो नर्सनं काढला असं आम्ही समजत होतो. तू एकदाही भेटायला आली नाहीस, म्हणून तर आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं तू तसंच समजू दिलंस. का गं?

पुसू की ठेवू? माया होती तशीच असू दे.

ठमी

१४ मार्च

चि. ठमी हिस,
अ. आ.

नाक खुपसायची खोड तू माझीच घेतलीस, तेव्हा रागावू कशी?

अक्का औषधं आणायला गेली होती. मी अर्धा तास बसले, सवयीप्रमाणे डॉक्टरांची टिंगल केली. भाऊजी हसले, उशाशी ठेवलेला तुमचा कॅमेरा दाखवून फोटो काढा म्हणाले. मग म्हणाले, हिला सांगू नका. ही रात्रंदिवस उशाशी बसते आणि मला हसू येत नाही. तुमच्या टोमण्यांनी आलं हे कळलं तर तिला लागेल. मी शब्द दिला. पुढे अक्का माझ्यावर चिडली, मी तिच्यावर, आणि शब्द पाळणं सोपं गेलं.

पूस ती चमक. कृपालोभाची भाषा पुढच्या पत्रात.

मावशी

२० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

शब्द तू दिला होतास, मी नाही. पत्र आईला वाचून दाखवलं, फोटोही दाखवला. तिनं भिंग घेतलं आणि म्हणाली, अंबाडा हिला जन्मात सरळ बांधता आला नाही. मग स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. परत आल्यावर एवढंच म्हणाली, की हसले तर होते ना.

तुझा जुना फोटो त्या दोघांशेजारी बसवते म्हटलं, तर मलाच ओरडली. जिवंत माणसं चिकटवायची नसतात म्हणे. म्हणाली, तिला सांग, इकडे ये, गच्चीवर खरा सूर्य मावळतो.

येशील ना? वाट पाहतेय, आईही; तिनं तसं लिहू नको म्हटलंय.

ठमी

२२ मार्च

चि. ठमी हिस,
अ. आ.

रविवारी दुपारच्या गाडीनं येते. अक्काला सांग, अंबाड्याबद्दल बोलायचं तर तोंडावर बोल.

चष्म्यातली खिडकी राहू दे. चूक आहे, पण राहू दे.

गच्चीवर आमचा फोटो काढशील, तेव्हा सूर्य आमच्या पाठीशीच ठेव आणि समोरून दिवाबिवा लावू नको. तोंडं काळोखात राहतील. दोघींच्या दृष्टीनं तेच बरं.

तुझी,
मावशी