शेवटची दहा मिनिटं

२ नोव्हेंबर, रविवार
मुलगी पाहून आलो. भैरवी. शाळेत गाणं शिकवते. पगार, घर, शेती काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, सध्या काय ऐकता? तोंडात पोहे होते. 'शास्त्रीय' म्हणालो. आपोआप बाहेर पडलं, म्हणजे आत कुठेतरी असणारच. आवडेल ते पाठवत राहा, का आवडलं तेही लिहा, मग ठरवू, म्हणाली.

येताना ताई म्हणाली, "तुला जेवताना एका जागी बसवत न्हाय. तू आलाप ऐकणार व्हय?" ताई मला लहानपणापासून ओळखते, त्यामुळे तिचे गैरसमज जुने आहेत.

मुलगी पसंत आहे. फार पसंत आहे.

३ नोव्हेंबर, सकाळ
निश्चय: रोज एक तास शास्त्रीय. बसलो. गायक 'आ'वर. उठून गाडी पुसली. आलो, अजून 'आ'वरच. नखं कापली. हेडफोन बदलायला पाहिजेत.

५ नोव्हेंबर
वारणानगरच्या बसमध्ये ड्रायव्हरने हलगीचं रिमिक्स लावलेलं. कोडोली येईपर्यंत माझा पाय असा हलत होता, की शेजारचा पावणा सरकून बसला. ऑफिसात पोचलो तरी बोटं टेबलावर चालूच. याला ऐकणं म्हणत नाहीत. कानावर पडणं म्हणतात. भैरवीला सांगण्यासारखं नाही.

८ नोव्हेंबर
पहिलं गाणं पाठवलं. व्हिडिओखालच्या तीन कॉमेंट एकत्र करून अभिप्राय केला. 'ठहराव' हा शब्द दोनदा आला. तिचा अंगठा आला. नुसता अंगठा. ताईला अर्थ विचारला. ताई म्हणाली, अंगठा. दिवसभर फोन उघड, बंद, उघड.

१२ नोव्हेंबर
आता तासाऐवजी पंधरा मिनिटं, दीडपट वेगाने. वेळ वाचतो, राग तोच राहतो.

१५ नोव्हेंबर
मोठा शोध. कोडोलीच्या एका संगीत मंडळाने यूट्यूबवर टाकलेली मैफल. बघणारे जेमतेम वीस. जे कुणी ऐकत नाही ते ऐकणारा, तोच खरा रसिक. सुरुवात ऐकली. गाणं शेवटीच रंगतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पुढचं ऐकायची गरज पडली नाही. लिहिलं: शेवटची दहा मिनिटं काळजाला भिडली. पुन्हा पुन्हा ऐकतोय.

संध्याकाळ
वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. ऐकत असणार. भारावली असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
तिचा फोन. आवाज शांत. शेवटची दहा मिनिटं आभारप्रदर्शन आहे म्हणाली. मांडववाले, स्पीकरवाले, चहापान, ज्ञात-अज्ञात हात. आणि आभार मानणारे सेक्रेटरी म्हणजे तिचे वडील, गणपतराव.

मी म्हणालो, आभारातही एक लय होती.

ती मग म्हणाली, "वरद, तुम्हाला खरंच आवडतं ते एक पाठवा. काहीही चालेल."

मी लगेच दुसरा राग पाठवला. दीड तासाचा. मागच्यापेक्षा संथ.

१८ नोव्हेंबर
नकार आला.

पाठोपाठ गणपतरावांचा फोन. इतकी वर्षं आभार मानतोय, मी उभा राहिलो की लोक चपला शोधायला लागतात, म्हणाले. "शेवटपर्यंत बसलेला पहिला माणूस तुम्ही, पावणं. पोरगी न्हाय म्हणतीया, ते जाऊ द्या. तुम्ही येत जावा की."  आभारांची जुनी रेकॉर्डिंग आहेत म्हणे.

ताई म्हणाली, जाऊ नको. ताईला डावपेच कळत नाहीत. सासरा हाताशी आला की अर्धं लग्न झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार
गेलो. चार आभार ऐकले. तिसऱ्यात वीज गेली होती, तर त्यांनी वीज कंपनीचेही मानले. मध्ये दोनदा पाणी प्यायला उठलो. भैरवी घरी नव्हती. प्रगती चांगली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
भैरवीचं ठरलं. मुलगा मलकापूरचा, आदर्श नाव. त्यालाही तिने तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला म्हणे, ट्रॅक्टरवर जे लागेल ते. ती हसली, आणि ठरलं. गणपतराव हे कौतुकाने सांगत होते. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तरी साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे.

१४ डिसेंबर, रविवार
साखरपुडा. सकाळीच गेलो. नुसतं बसवेना, म्हणून हॉलमधल्या खुर्च्या मांडल्या. ओळ वाकडी वाटली, पुन्हा मांडल्या.

विधी झाल्यावर गणपतरावांनी माइक घेतला. माणसं पंगतीकडे निघाली. मी पहिल्या रांगेत. या वेळी शब्दन् शब्द ऐकला. मांडववाल्यांनंतर आणि आचाऱ्यांच्या आधी माझं नाव आलं: खुर्च्यांची व्यवस्था, चिरंजीव वरद. भैरवीने टाळ्या वाजवल्या. आदर्शनेही.